सुहासराव ट्रक सोडत नसत

ही हकिकत आजवर लिहिली नाही, कारण वेळ मिळाला नाही, असं मी सांगत आलो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाकडे वेळ सोडून दुसरं काही नसतं हे सांगलीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कोणी विश्वास ठेवला नसणार. खरं कारण वेगळं आहे. तोंडाने ही हकिकत मी असंख्य वेळा सांगितली, आणि प्रत्येक वेळी चुकीची सांगितली. लोक पोट धरून हसले. लिहायची म्हटली की बरोबर लिहावी लागणार, म्हणून टाळत राहिलो.

ईडन प्रेरी

सुहासराव माझे साडू. माझी बायको शरयू थोरली आणि त्यांची मंदा धाकटी. म्हणजे कराडच्या त्या घरचा मी थोरला जावई, ते धाकटे. हा क्रम सासऱ्यांनी पंगतीत एकदा लावून दिला, तो कायमचा. सुहासराव तरुणपणीच अमेरिकेला गेले, मिनेसोटातल्या एका कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख झाले, ईडन प्रेरीला घर केलं. पण माझ्याआधी ते कधी खुर्चीत बसले नाहीत, आणि माझं बोलणं त्यांनी कधी मध्येच तोडलं नाही. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

निवृत्त झाल्यावर त्यांनी चाकांवरचं एक घर घेतलं आणि आम्हा दोघांना फिरायला बोलावलं. आम्ही पोचलो तेव्हा ते घर दारातच उभं होतं. आत पलंग, ओटा, शेगडी, संडास, न्हाणी, आणि सोफा उलगडला की आमच्यासाठी दुसरा पलंग. ओढायला पुढे पिकअप. तिथे पिकअपला सगळे ट्रकच म्हणतात.

साधा ट्रेलर गाडीच्या मागे आकड्याला अडकवतात. हा तसला नव्हता. याला फिफ्थ व्हील म्हणतात. याचं नाक पुढे येऊन ट्रकच्या हौद्यावर झुकतं. नाकातून मनगटाएवढी जाड पोलादी खुंटी खाली येते आणि हौद्यात बसवलेल्या जबड्यात शिरते. जबडा मिटला की एक दांडा आपोआप आत सरकतो, आणि त्या दांड्याला शेवटी एक क्लिप लावायची.

"क्लिप लावली की निघायचं?" मी विचारलं.

"नाही अण्णा. मग टग."

टग म्हणजे ओढून बघणं. घराच्या चाकांना ठोकळे, घराचे पुढचे पाय जमिनीवर, आणि ट्रक जरासा पुढे ओढायचा. घराने त्याला धरून ठेवलं तर जोड पक्का. नसेल तर ट्रक नुसता सुटून पुढे जातो, घर आपल्या पायांवर उभं राहतं, आणि कोणाचं काही बिघडत नाही.

"मी जोडलं तरी टग, मंदाने जोडलं तरी टग," सुहासराव म्हणाले. "उद्या साक्षात ब्रह्मदेवाने जोडलं तरी टग."

"भाऊजी, अंतरपाट दूर झाल्यावर याने मला ओढून बघितलं नाही एवढंच नशीब," मंदा म्हणाली.

मिसूरीच्या काठी

मिनेसोटा म्हणजे मका. मका संपला की साउथ डकोटा सुरू होतं, तिथे आधी सोयाबीन आणि मग नुसतं गवत. दिवसभर शरयू खिडकीतून म्हणत होती, "अहो, माणसं कुठायत?" संध्याकाळी चेंबरलेन नावाच्या गावापाशी उतार लागला आणि खाली मिसूरी नदी दिसली. नदी दिसली की मी आधी धरण शोधतो. हे पाणी खालच्या धरणाचं तुंबलेलं होतं, आणि इतकं रुंद की आमची कृष्णा पुरात असती तरी लाजली असती.

मुक्कामाच्या जागेवर एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडता येत होतं. सुहासराव मुद्दाम तशीच जागा मागून घेत. चाकांना ठोकळे लावले, विजेची केबल जोडली, पाण्याची नळी जोडली, ट्रकवरचा भार थोडा हलका व्हावा म्हणून पुढचे पाय टेकवले, आणि हात पुसले.

"ट्रक नाही सोडणार?" मी विचारलं.

"नाही अण्णा. रात्री जोडलेलाच ठेवतो."

आजूबाजूचे लोक ट्रक मोकळा करून गावात जेवायला निघाले होते. आमचा ट्रक घराला बांधलेला, म्हणून आम्हीही घराला बांधलेले. मी म्हणालो, "सुहासराव, बैलसुद्धा मुक्कामाला पोचला की जू उतरवतात."

ते हसले. "बैलाला परत जुंपताना चुकलं तर फार तर शिंग लागेल. अण्णा, जोडलेलं असताना चूक होत नाही, जोडताना होते. मी आयुष्यभर हेच बघितलं. जितक्या कमी वेळा सोडू, तितक्या कमी चुका."

मग मंदाने पिठल्याला फोडणी दिली आणि छताला लावलेलं धुराची सूचना देणारं यंत्र किंचाळायला लागलं. सुहासराव टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालत उभे राहिले. शेजारच्या ट्रेलरमधली बाई धावत आली आणि आग कुठे आहे विचारू लागली. शरयूने तिला पिठलं-भात वाढला. ती डोळे पुसत जेवली आणि जाताना कृती विचारून गेली. डोळ्यांत पाणी मिरचीने आलं होतं की भूतदयेने, ते समजलं नाही.

जेवणाच्या टेबलाच्या वर भिंतीला अलास्काचा मोठा नकाशा चिकटवलेला होता. मी त्याच्याकडे बघतोय हे बघून सुहासराव हळूच म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात. पण निखिल तयार नाही."

निखिल त्यांचा मुलगा, मिशिगनमध्ये ट्रॉयला असतो. त्याचं म्हणणं, बाबांचं वय झालं, एवढं धूड आता त्यांनी ओढू नये. खूप वादावादीनंतर बापलेकांचं ठरलं होतं की ही सहल विनाविघ्न पार पडली तर अलास्का. काही झालं तर हे चाकांवरचं घर विकायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

"म्हणजे पोराने बापाची परीक्षा घेतली आहे," मी म्हणालो.

"घेतलीच आहे. हसा तुम्ही. पण अण्णा, या खेपेला एक ओरखडासुद्धा नको."

हे मला पहिल्याच मुक्कामाला माहीत झालं होतं. पुढचं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

बॅडलँड्स

गवताळ सपाट जमीन अचानक संपते आणि समोर मातीचे सुळके, कडे, घळी. गुलाबी पट्टा, त्यावर पिवळा, त्यावर राखाडी, जणू कोणी बर्फीचे थर लावून मग सुरीने वेडीवाकडी कापली. आमच्या खात्यात धूप थांबवण्यासाठी बांध घालत आम्ही जन्म काढला. इथे त्याच धुपीला तिकीट लावून बघायला बोलावतात.

पण बघायचं कसं? प्रत्येक चांगल्या जागी वाहनतळ लहान, आणि आमच्यामागे अख्खं घर. सुहासराव जिथे सरळ शिरून सरळ निघता येईल तिथेच थांबत. एक सुंदर कडा आला आणि गेला. दुसरा आला आणि गेला.

"अहो, तो बघा, तो!" शरयू म्हणाली.

"परतीला बघू, ताई," सुहासराव म्हणाले.

"परतीला दुसरा रस्ता आहे ना?" मंदाने शांतपणे विचारलं.

मी म्हणालो, "वरात आहे ही. मारुतीपाशी थांबेल तेव्हाच थांबेल."

सगळे हसले. सुहासरावही हसले. माझी ही टोमणे मारण्याची जागा त्या दिवसापासून पक्की झाली. पेट्रोल पंपावर, कॉफीपाशी, रानातल्या खारींसारखे ते प्रेअरी डॉग बिळातून माना काढून ओरडत होते तिथेही मी तेच चालवलं. "ते बघा, तेसुद्धा विचारतायत, ट्रक कधी सोडणार?" साडूला चिडवणं हा माझा हक्कच होता, आणि साडू चिडत नाही म्हटल्यावर चव वाढत गेली.

कस्टर

कस्टरच्या आसपास काळे डोंगर आहेत. दाट पाइनमुळे लांबून काळे दिसतात. त्यांत एक रस्ता ग्रॅनाइटच्या सुयांसारख्या सुळक्यांमधून जातो, आणि त्यातले बोगदे इतके चिंचोळे की मोटार जेमतेम जाते. घर घेऊन जाणं अशक्य. सुहासराव म्हणाले की आपण तळ्याकाठी बसू, तेही छान आहे.

मी चहाचा कप खाली ठेवला. "सुहासराव, सांगलीहून आम्ही अमेरिकेत आलो ते काय तुमचा ट्रक राखायला?"

दोघी बहिणी तिथेच होत्या. मग सुहासराव म्हणाले, "अण्णा म्हणतायत तर सोडू या."

त्यांनी ट्रक सोडला. किती सावकाश, किती नीट. दांडा ओढण्याआधी त्यांनी त्याची क्लिप काढून माझ्या हातात दिली. "एवढी जपा अण्णा. हरवली तर या रानात मिळायची नाही." मी ती जाकिटाच्या खिशात टाकली.

तो दिवस फार सुंदर गेला हे मला मान्य करावं लागेल. बोगद्यातून जाताना मंदा दोन्ही बाजूंचे आरसे मिटून ओरडत होती, "पोट आत घ्या सगळ्यांनी!" पुढे रस्त्यावर बायसनचा कळप आडवा आला. एक नर ट्रकला अंग घासत इतका जवळून गेला की त्याच्या डोळ्यात मला माझं तोंड दिसलं. सुहासराव इतके मोकळे मी कधी पाहिले नव्हते. "अण्णा, बरं झालं तुम्ही हट्ट धरलात," ते म्हणाले. माझी छाती किती फुगली असेल!

संध्याकाळी शेजारच्या ट्रेलरमधला डेल गप्पा मारायला आला. नेब्रास्कातला शेतकरी, मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. शरयूच्या थालीपिठाला तो पॅनकेक म्हणाला आणि चार खाल्ली. त्याच्यासमोर मी जाहीर केलं, "उद्याचं जोडकाम माझ्याकडे. आयुष्यभर धरणांचे दरवाजे बसवलेत. हा एवढासा दांडा काय?"

निघायची सकाळ

गार वारा होता. सुहासरावांनी ट्रक उलटा घेतला. मंदा हातवारे करून दिशा दाखवत होती. खुंटी जबड्यात शिरली, खटकन आवाज आला. सुहासराव खिडकीतून म्हणाले, "अण्णा, दांडा पूर्ण आत गेलाय का बघा, आणि क्लिप लावा."

बघायचं तर ट्रकच्या चाकावर पाय ठेवून चढावं लागत होतं आणि हौद्यात वाकावं लागत होतं. माझ्या हातात चहाचा मग होता, आणि डेल मला नेब्रास्काच्या भूजलाची पातळी समजावून सांगत होता. तो विषय माझा. मी उभा होतो तिथून घराचं नाक दिसत होतं आणि वरचं आकाश.

"झालं का, अण्णा?"

"झालं."

"दांडा पूर्ण आत?"

"अहो सुहासराव, बघितलं म्हणतोय ना!"

आवाज जरा चढला. शरयू आणि मंदा, दोघी घराच्या दाराशी होत्या. त्यांनी वळून बघितलं.

खात्यात असताना कनिष्ठ अभियंता जीपपाशी येऊन म्हणायचा, "साहेब, झालंय," आणि मी जीपमधूनच सही करायचो. त्या सकाळी कनिष्ठही मीच आणि साहेबही मीच. दोघांनी एकमेकांवर पूर्ण विश्वास टाकला.

आता टग करायची वेळ. सुहासरावांनी बाजूच्या आरशात माझ्याकडे बघितलं. मी तोंड फुगवून, चहाचा मग धरून उभा. ब्रह्मदेवाने जोडलं तरी टग करणारा तो माणूस. पण ब्रह्मदेव काही त्यांचा थोरला साडू नव्हता. बायकांसमोर माझा शब्द ओढून बघायचा, तर माझा मान जाणार होता. ते खाली उतरले, घराचे पाय वर घेतले, ठोकळे काढले, परत बसले, आणि टग न करता ट्रक पुढे घेतला.

माडीवरून कपाट खाली पडावं तसा आवाज झाला. ट्रक पुढे गेला, खुंटी जबड्यातून मागे सरकली, आणि घराचं नाक ट्रकच्या हौद्यावर आदळलं. हौद्याच्या दोन्ही बाजूंचा पत्रा पापडासारखा चुरगळला. आत भांडी कोसळली, मेतकुटाची बरणी फुटली. माझा चहा माझ्या अंगावर. इजा कोणालाच झाली नाही.

सुहासराव उतरले, चाकावर चढले आणि हौद्यात वाकून बघत राहिले. बराच वेळ. नंतर मीही वाकून बघितलं. दांडा अर्धा बाहेर होता. क्लिपचं भोक रिकामं होतं. क्लिप माझ्या खिशात होती आणि माझी बोटं तिच्यावर होती.

त्यांनी मला काही विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मी टग केलं नाही," ते म्हणाले.

"सुहास, तू?" मंदा म्हणाली. "तू टग विसरलास?"

"विसरलो."

मी तोंड उघडलं. आणि चहाचा रिकामा मग तोंडाला लावला.

डेल म्हणाला, हे प्रत्येकाच्या हातून एकदा होतं. मंदाने निखिलला फोन लावला, तेव्हा त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "बाबा, तुम्ही विसरलात? यू, ऑफ ऑल पीपल? बस. आता अलास्काबिलास्का कॅन्सल. वय झालंय, ॲक्सेप्ट करा प्लीज."

"हो," सुहासराव म्हणाले. "ठरलं होतं तसंच."

मग ते आत गेले. फुटलेल्या बरणीच्या काचा बाजूला सारून त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढला, त्याच्या मूळच्या घड्यांवर नीट घडी घातली आणि कपाटात ठेवला. मी दारात उभा होतो. "अण्णा, चपला घालून या आत," ते म्हणाले, "काचा आहेत."

परतीचा प्रवास भाड्याच्या मोटारीतून झाला. दुरुस्त झाल्यावर घर विकलं गेलं.

सांगली

सुरुवातीला मी गप्प होतो. मग एका मुंजीत कोणीतरी अमेरिकेचं विचारलं आणि मी सांगितलं: आमचे साडू इतके सावध की रात्री ट्रक सोडत नसत, आणि आयुष्यात एकदाच सोडला तर परत जोडायलाच विसरले! हशा झाला. पुढे मागणी येऊ लागली. मी त्यात टॉवेल घातला, बायसन घातला, सुहासरावांचं तोंड घातलं. क्लिप घातली नाही.

त्यानंतर सुहासराव आणि मंदा एकदा सांगलीला आले होते. सकाळी गच्चीत आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "सुहासराव, त्या कस्टरच्या सकाळचं..."

"अण्णा, ती गोष्ट तुम्ही फार छान सांगता," ते म्हणाले. "खाली तुमच्या सूनबाईंना ऐकवा ना. त्यांनी माझ्या तोंडून ऐकली, पण मला ती जमत नाही."

ते मला वाचवत होते की शिक्षा देत होते? चाळीस-पन्नास वर्षांच्या साडूपणानंतरही मला ते कळलं नाही. मी खाली गेलो आणि ऐकवली. ते माझ्या शेजारी बसून योग्य जागी हसले, आणि शेवटी म्हणाले, "टग केलं नाही ना मी!"

गेल्या हिवाळ्यात सुहासराव गेले. शोकसभा मोबाइलवरच होती. चौकटीचौकटींत सगळे नातेवाईक. एका चौकटीत मंदा, तिच्यामागे निखिल. निखिल म्हणाला, "काका, ती ट्रेलरची स्टोरी सांगा ना. बाबांना खूप आवडायची. आईला थोडं हसू येईल."

शरयूने आमचा आवाज सुरू केला. सुहासरावांची हार घातलेली तसबीर समोर होती. मी सांगितली. जशी नेहमी सांगतो तशी. मंदा रडता रडता हसली आणि म्हणाली, "टग विसरला वेडा!"

ती क्लिप माझ्याकडेच आहे. जाकीट धुवायला टाकताना शरयूला सापडली. ही कसली, असं तिने विचारलं. मी माहीत नाही म्हणालो. ती सध्या भाजणीच्या पुड्याला लावलेली असते. घट्ट बसते, हवा शिरत नाही. थालीपीठ करायचं झालं की मला ती काढून द्यावी लागते आणि नंतर परत लावावी लागते. दर वेळी शरयू ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून विचारते, "लावलीत का नीट?" आणि मी दर वेळी उठून, जवळ जाऊन, वाकून बघतो.

हे लिहून झाल्यावर मंदाला आणि निखिलला वाचायला पाठवणार आहे. त्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं. पण ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगायचं राहिलं.

सुहासराव, त्या सकाळी तुम्ही मला दोनदा विचारलंत. नाही, झालं नव्हतं. मी बघितलंच नव्हतं.